सूजवाल्या डॉक्टरीणबाई

आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलेल्या डॉक्टरीणबाईंइतकं घाईचं माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरं झालं नसेल, आणि होऊही नये. दोन झाली तर आमचा जिना टिकायचा नाही. बाई जिना चढत नसत, खालून कुणीतरी भिरकावल्यासारख्या वर पोचत. उतरताना शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांशी त्यांचा काही संबंधच येत नसे. डोक्यावर कायम हेल्मेट. स्कूटरवर हेल्मेट हवंच, पण स्कूटर लावून, जिना चढून, कुलूप काढून, कुकरची पहिली शिट्टी होईपर्यंत ते डोक्यावरच असे. ते काढण्यात जो वेळ जाईल तेवढ्यात मनातला विचार निसटेल अशी त्यांना धास्ती. शेजारच्या एका बारशाला त्या तशाच आल्या, पाळण्यावर वाकल्या, आणि ते काचेचं तोंड पाहून बाळानं अशी किंकाळी फोडली की स्वयंपाकघरातल्या बायका धावत बाहेर आल्या. बाई मात्र खुशीत येऊन म्हणाल्या, "वा! फुफ्फुसं एकदम झकास आहेत!"

मी इथल्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. घरात माझी अम्मी, माझी बायको, आणि खाली रस्त्याच्या बाजूच्या गाळ्यात धाकटा भाऊ बशीर, त्याचं कुल्फीचं दुकान. आम्हा सगळ्यांचा वैद्यकाशी संबंध खोकल्याच्या बाटलीपलीकडे कधी गेला नव्हता. बाई सामान घेऊन आल्या त्या दिवशी मी आपलं शिष्टाचार म्हणून विचारलं, "कशाच्या डॉक्टर तुम्ही?"

"लहान मुलांच्या. त्यातही फार अत्यवस्थ मुलांच्या. आणि उरलेल्या वेळात सूज."

"सूज म्हणजे?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. हातातली बादली तशीच धरून बाई जिन्यात उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या. "म्हणजे बघा सर, अंगात जंतू शिरला की शरीर लढायला उठतं. रक्त धावतं, पेशी धावतात, ताप चढतो. ती सूज. ती पाहिजेच, तिच्यावाचून आपण जगणार नाही. पण काही लेकरांत काय होतं, लढाई थांबतच नाही. चोर पळून गेला तरी गाववाले काठ्या घेऊन घरातलीच मडकी फोडत सुटतात. रक्तवाहिन्या गळायला लागतात, मूत्रपिंड बंद पडतं, आणि बऱ्याचदा सगळ्यात आधी बुडतं ते फुफ्फुस! याला सेप्सिस म्हणतात. आणि एकाच जंतूनं आजारी पडलेल्या दोन लेकरांपैकी एक चार दिवसांत खेळायला लागतं आणि दुसरं यंत्रावर जातं, हे का, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही! कुणालाच!"

हे शेवटचं वाक्य त्यांनी अशा काही उल्हासानं म्हटलं की आतून अम्मीनं विचारलं, "कुणाचं लग्न जमलं गं?"

बाईंचा हा उल्हास पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जरा विचित्रच वाटे. एवढ्या भयंकर गोष्टी हे माणूस इतक्या आनंदानं कसं काय सांगतं? पुढं पुढं माझ्या लक्षात आलं की तो आनंद आजाराचा नव्हता. गाठ कुठं बसली आहे ते बोटांना लागल्यावर दोरा सोडवणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो, तो तो होता. पण हे लक्षात येईपर्यंत आमच्या गल्लीनं त्यांना 'सूजवाल्या मॅडम' असं नाव देऊन टाकलं होतं, आणि त्यांनाही ते आवडलं होतं. गल्लीतल्या एका लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष मटणाच्या पंगतीवरून हातघाईवर आले. भांडण कशावरून सुरू झालं ते तासाभरानं कुणालाच आठवेना, पण खुर्च्या मात्र मोडत राहिल्या. बाई कोपऱ्यात उभ्या राहून एकटक बघत होत्या. मला म्हणाल्या, "सर, डिट्टो! मूळ कारण केव्हाच संपलं. आता ही नुसती सूज आहे."

समजावून सांगण्याची त्यांना भयंकर हौस, आणि त्यासाठी त्यांना हाताला येईल ती वस्तू चाले. आमच्याकडचा खवा नावाजलेला, त्याचे गुलाबजाम म्हणजे आम्हा मंडळींचा अभिमान. एकदा मी मोठ्या प्रेमानं त्यांच्यापुढं वाटी ठेवली. त्यांनी एक गुलाबजाम चमच्यानं उभा चिरला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "बघा. आतली जाळी दिसते? फुफ्फुस असंच जाळीदार असतं, फक्त त्या जाळीत हवा पाहिजे. सूज आली की हा असा पाक आत शिरतो. मग पोरगं कितीही जोरात श्वास घेऊ दे, हवेला जागाच नाही." एवढं सांगून त्यांनी तो गुलाबजाम मिटक्या मारत खाल्ला. मला त्यानंतर कितीतरी दिवस गुलाबजाम गिळवेना.

बाई मूळच्या तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या. घरी मेंढरं आणि थोडी शेती. एरवी बोलणं शिकल्यासवरल्या माणसाचं, पण रंगात आल्या की 'लई', 'व्हय', 'न्हाय' सुरू. त्यांचे वडील अधूनमधून खांद्यावर घोंगडी टाकून एसटीनं येत आणि लेक घरी नसल्यामुळं आमच्याच ओट्यावर बसत. त्यांचं दुःख एकच. अम्मीला ते दर खेपेला तेच सांगत, "लई शिकली ओ पोरगी. पण दवाखाना न्हाय टाकला. गावात इचारत्यात, काय करती? म्या म्हणतो, शोध लावती. इचारत्यात, लागला का? म्या म्हणतो, न्हाय अजून."

"लागंल की," अम्मी म्हणे. "तुमचं एखादं कोकरू हरवलं तर तुम्हाला किती वेळ लागतो?"

"कोकरू आम्हाला वळखतंय, बडी बी. ह्यो शोध हिला वळखतोय का न्हाय कुणाला ठाव!"

पण बाईंची सगळ्यात नामी सवय म्हणजे नखं दाबण्याची. लोक भेटल्यावर नमस्कार करतात, आदाब करतात, हात मिळवतात. बाई समोर आलेल्या मुलाचं बोट धरत, नखावर चिमटीनं दाबत, सोडत, आणि पांढरं पडलेलं नख परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मान तिरकी करून बघत. रक्त बोटांच्या टोकापर्यंत नीट पोचतंय की नाही याची ती परीक्षा. मग अंगातला सदरा वर करून छातीकडं बघायचं, बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जाते का. हे त्या बाजारात करत, एसटी स्टँडवर करत, खंडोबाच्या देवळाच्या रांगेत करत. अनोळखी बायका पोरांना पदराआड ओढत. कुणी म्हणे मुलं पळवणारी आहे, कुणी म्हणे दृष्ट लावणारी आहे. आमच्या गल्लीतल्या मुलांना मात्र इतकी सवय झाली की स्कूटरचा आवाज आला की ती रांगेनं बोटं पुढं करून उभी राहत.

या सवयीला आम्ही सगळे हसायचो. एका ईदपर्यंत.

माझी धाकटी बहीण नसरीन कळंबला असते. तिचा नवरा सलीम तिथं धान्याची अडत चालवतो. त्या वर्षी ती दोघं आपल्या चार वर्षांच्या झोयाला घेऊन ईदला आमच्याकडं आली. झोयाला प्रवासातच बारीक ताप होता. औषध दिलं होतं, ती पेंगुळली होती, आम्ही म्हटलं ऊन लागलं असेल, दमली असेल, झोपू दे. सकाळी नमाज झाली, गळाभेटी झाल्या, शीरखुर्म्याच्या वाट्या फिरू लागल्या. बाई वरून उडी मारल्यासारख्या आल्या, वाटी घेतली, सवयीनं झोयाचं बोट धरलं. नखांवर मेंदी. "अरे, ही मेंदी नेहमी घात करते बघा," असं म्हणत हसत हसत त्यांनी झोयाच्या छातीवर बोट दाबलं आणि उचललं.

त्या हसायच्या थांबल्या. पुन्हा एकदा दाबलं, पण पांढरा पडलेला ठिपका लवकर भरेना. मग तिचे तळवे हातात घेतले. अंग चटका बसेल असं तापलेलं आणि हातपाय माठातल्या पाण्यासारखे गार. त्यांनी सदरा वर केला. झोया भराभरा श्वास घेत होती आणि आम्ही इतकी माणसं त्या खोलीत असून आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. बाईंनी हाक मारली, तिनं डोळे उघडले आणि परत मिटले.

बाईंनी वाटी खाली ठेवली. "बशीरभाई, रिक्षा. आत्ता. सर, तुम्ही दार धरा. ताई, तुम्ही पोरीला घेऊन माझ्याबरोबर चला."

"अहो पण, थोडं खाऊन..." माझी बायको म्हणाली.

"वेळ न्हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता.

रिक्षातूनच त्यांनी फोन करून सगळी तयारी करायला लावली होती. दवाखान्यात पोचताच झोयाला सुई लागली, सलाइन लागलं, प्रतिजैविक गेलं, नाकातोंडावर ऑक्सिजन आला. न्यूमोनियाचं विष रक्तात उतरलं होतं. दुपारपर्यंत तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं. नवे कपडे घातलेले आम्ही सगळे त्या लांबलचक व्हरांड्यात अत्तराचा वास घेऊन बसलो होतो, आणि तो वास नकोसा झाला होता.

मग बाई बाहेर आल्या. सलीमसमोर बसल्या. झोयाला काय झालंय, काय चाललंय, पुढं काय होऊ शकतं, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "आणखी एक विचारायचंय. उपचारासाठी आम्ही तिचं रक्त घेतोच आहोत. त्याबरोबर थोडंसं माझ्या संशोधनासाठी घेऊ का? पहिल्या दिवसाचं रक्त फार मोलाचं असतं, कारण आग कशी पेटते ते त्यातच दिसतं. तुम्ही न्हाय म्हणालात तरी तिच्या उपचारात तिळभर फरक पडणार नाही."

सलीम एकदम उठला. एरवी हा अत्यंत गोड बोलणारा माणूस. "माझी पोरगी आत मरायला टेकली आणि तुम्हाला प्रयोग सुचत्यात? न्हाय. अजिबात न्हाय."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

आता मला वाटलं, या घाईच्या माणसाला कसं निभेल? पहिला दिवस तासातासानं संपत होता. मी त्यांना ओळखत होतो. ज्यांना हेल्मेट काढायला सवड नाही, त्या परत परत येऊन विचारतील, समजावतील, गुलाबजाम चिरतील. पण बाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. दर थोड्या वेळानं त्या बाहेर येत, सलीमच्या शेजारी बाकावर बसत, यंत्रावर आता काय स्थिती आहे ते सांगत, आणि परत आत जात. ऑक्सिजन किती लागतोय, लघवी होतेय का, एवढंच. संध्याकाळच्या सुमारास तर त्या सांगून झाल्यावरही तशाच बसून राहिल्या. त्यांना गप्प बसलेलं पाहून मलाच अवघडायला झालं.

सलीमनंच विचारलं, "तुम्ही ते रक्त घेऊन काय करता?"

"साठवते. अशी बरीच मुलं झाली की सगळ्यांचं एकत्र तपासायचं. ज्यांची फुफ्फुसं बुडाली आणि ज्यांची वाचली, त्यांच्या रक्तात पहिल्याच दिवशी काही वेगळं होतं का बघायचं."

"त्यानं झोयाला काय फायदा?"

"काही न्हाय," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? झाला तर पुढच्या एखाद्या पोरीला होईल."

"कुणाच्या पोरीला?"

"ते मला कसं ठाव असणार? कदाचित अजून जन्मलीसुद्धा नसेल."

सलीमनं नसरीनकडं बघितलं. तिनं मान हलवली. "घ्या," तो म्हणाला. "पण तिला दुखू देऊ नका."

"नवीन सुई टोचणार नाही. लावलेल्या नळीतूनच घेते," बाई म्हणाल्या, आणि इतक्या हळू चालत आत गेल्या की मी पाहातच राहिलो.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही, ज्यांच्या घरचं मूल असं आत असतं त्यांना ते ठाऊक आहे. झोयाचं फुफ्फुस बुडता बुडता राहिलं. एका सकाळी तिची नळी काढली आणि तिनं बसलेल्या आवाजात पहिला शब्द काढला, तो होता "कुल्फी". बशीर व्हरांड्यात उभा राहून लहान मुलासारखा रडला. बाई मात्र धावत बाहेर आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "मागतेय! काहीतरी मागतेय! लई भारी!" नर्सबाईंनी त्यांना शांत राहण्याची सूचना केली.

यानंतर बाई आमच्या भाडेकरू राहिल्या नाहीत. म्हणजे राहत वरच होत्या, पण अम्मी त्यांना जेवल्याशिवाय जिना चढू देत नसे, आणि सलीम कळंबहून कशालाही आला की त्यांच्यासाठी निवडलेली तूरडाळ घेऊन येई. त्या म्हणत, "अहो, मी एकटी, एवढ्या डाळीचं करू काय?" तो म्हणे, "शोधाला ताकद लागती, मॅडम."

आणि ती ताकद खरोखरच लागण्याचा दिवस पुढच्याच उन्हाळ्यात आला. भर दुपारी अवकाळी वावटळ उठली, पत्रे उडाले, कुठंतरी झाड तारांवर आडवं झालं आणि दवाखान्याच्या बाजूची वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण त्याच्यावर किती भार टाकायचा हा प्रश्न. मुलांची यंत्रं आधी, हे बाईंनीच ठरवलं, आणि आपल्या रक्ताच्या नमुन्यांचा फ्रीझर स्वतःच्या हातानं बंद केला. तो काही वेळ थंड राहिला असता, पण वीज केव्हा येईल ते कुणी सांगेना. त्या स्कूटर घेऊन थेट बशीरच्या दुकानापुढं येऊन थांबल्या.

"बशीरभाई! तुमचा मोठा फ्रीझर किती थंड होतो?"

"मॅडम, कुल्फीला चमचा लागत न्हाय, हातोडी लागती."

"तुमच्याकडं लाइट आहे?"

"हाय की. आपली लाइन येगळी हाय."

"मग रिकामा करून द्या. पण नीट ऐका. रक्ताशेजारी कुल्फी चालणार नाही. आणि एकदा रक्त ठेवलं की त्या फ्रीझरमध्ये परत कधीच खाण्याची वस्तू ठेवायची नाही. कधीच म्हणजे कधीच. विचार करून सांगा. पण लवकर विचार करा!"

बशीरनं फ्रीझरकडं बघितलं. नवा कोरा, त्याच हंगामात आणलेला, आणि उन्हाळ्याची ऐन गिऱ्हाइकी. कुल्फीनं काठोकाठ भरलेला. मग त्यानं दारात उभ्या असलेल्या अम्मीकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस?" अम्मी म्हणाली. "पोरं बोलाव!"

त्यानंतर आमच्या गल्लीत जे घडलं ते आजही लोक नव्या माणसाला सांगतात. मी ओट्यावर उभा राहून वर्गात हजेरी घेतो त्या आवाजात ओरडलो, आणि घराघरांतून पोरं बाहेर पडली. आधी त्यांचा विश्वास बसेना. कुल्फी खायची, पाहिजे तेवढी, आणि लवकर खायची, न खाल्ल्यास रागवण्यात येईल, असं आयुष्यात त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग जी झुंबड उडाली! पोरांच्या मागून आया आल्या, आयांच्या मागून सासवा आल्या. गोड खायला सक्त मनाई असलेले आमचे हाजीसाहेब दोन्ही हातांत दोन कुल्फ्या घेऊन "संशोधनासाठी, संशोधनासाठी" असं पुटपुटत कोपऱ्यात उभे राहिले आणि त्यांच्या सुनेनं पाहिल्यावर एक कुल्फी मागं लपवली. आमच्या शाळेचे गणिताचे सर सायकलवरून चालले होते, त्यांना उतरवून खायला लावली. उरलेली कुल्फी घमेल्यांत भरून पुढच्या गल्लीत पाठवली. तोवर बशीर बाह्या सरसावून फ्रीझर धूत होता, आणि धुता धुता त्याच्या कपाळावरचा घाम फ्रीझरमध्ये पडू नये म्हणून माझी बायको पदरानं तो टिपत होती.

नेमका त्याच दिवशी सलीम झोयाला तपासणीसाठी घेऊन आला होता. नमुन्यांचे डबे दवाखान्यातून आणायला बाई त्याच्याच टेम्पोतून गेल्या. मीही मागं बसलो. बर्फात पुरलेले ते डबे एका मोठ्या पेटीत होते आणि पेटी हलू नये म्हणून सलीमनं टेम्पो दुसऱ्याला चालवायला देऊन ती स्वतःच्या मांडीवर घेतली. खड्डा आला की तो दोन्ही हातांनी ती अधांतरी उचलून धरी.

"झोयाचं यातच हाय का?" त्यानं विचारलं.

"आहे. पण कुठलं ते मला बघून सांगता यायचं नाही. यावर नावं नसतात, नुसत्या खुणा असतात."

"मग सगळंच नीट धरतो," सलीम म्हणाला.

बाईंनी पेटीच्या झाकणावर हात ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सर, यातली काही मुलं आता न्हाईत. त्यांच्या आयाबापांनी अशा वेळी हो म्हटलंय... हे वितळलं असतं तर मी त्यांना काय सांगणार होते?" हेल्मेटच्या आत त्यांचे डोळे मला दिसले नाहीत.

डबे फ्रीझरमध्ये गेले. झाकण बसलं. आणि पोटभर कुल्फी खाल्लेल्या त्या गर्दीनं, नक्की काय वाचलं हे कुणालाही धड ठाऊक नसताना, टाळ्या वाजवल्या. पुण्याहून कोरडा बर्फ घेऊन गाडी येईपर्यंत बाई फ्रीझरसमोर पालथ्या क्रेटवर बसून होत्या आणि कुणी सहज झाकणाला हात लावला तरी वसकन अंगावर जात होत्या. ते नमुने त्याच गाडीनं पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले.

निकाल यायला फार काळ गेला. तोवर आमची गल्ली पुरती बिघडली होती. ज्या बायका पोरांना पदराआड ओढायच्या, त्याच आता एकमेकींच्या पोरांचे सदरे वर करून बरगड्या बघू लागल्या. शेजारच्या एका तापलेल्या बाळाला अम्मीनं छातीवर बोट दाबून पाहिलं आणि त्याच्या आजोबांना हुकूम सोडला, "घरात ठेवू नगा. आत्ता दवाखान्यात न्या." ते गेले, आणि वेळेत गेले. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी अम्मीला उचलून गिरकी घेतली. अम्मीची कंबर नंतर आठवडाभर धरली होती.

आणि एके दिवशी जिना जो काही हादरला, तो पूर्वी कधीच हादरला नव्हता. बाई खाली आल्या त्याच मुळी ओरडत. "चुकलं! सर, माझं सगळं चुकलं!"

मी घाबरून उठलो. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"मला वाटत होतं की ज्यांच्या रक्तात एक ठराविक खूण जास्त, त्यांचीच फुफ्फुसं बुडणार. साफ चुकलं! ती खूण कामाचीच न्हाय! पण ज्या गोष्टीकडं मी बघतसुद्धा नव्हते, तिथं काहीतरी दिसतंय. अजून खात्री न्हाय. कदाचित तेही चुकेल!" आणि त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला.

अम्मीनं पेढा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "नापास झाल्याचे पेढे मी आयुष्यात पहिल्यांदा खातेय," ती म्हणाली.

"अम्मी, आता त्या रस्त्यानं दुसऱ्या कुणाला चालावं लागणार न्हाय," बाई म्हणाल्या. "केवढा वेळ वाचला जगाचा!"

त्या दिसलेल्या 'काहीतरी'च्या मागं त्या पुण्याला गेल्या. गेल्या तेव्हा सामान टेम्पोत चढवायला गल्ली लोटली होती, आणि आठवणीनं सगळ्या मुलांची नखं दाबून मगच त्या बसल्या. वरच्या मजल्यावर आता एक नोकरदार गृहस्थ राहतात. सज्जन आहेत. जिन्यावर त्यांचा आवाज येत नाही. कधी गेले, कधी आले, कळतसुद्धा नाही, आणि अम्मीला त्याचाच राग येतो.

परवा अणदूरला वडिलांकडं जाता जाता बाई तासाभरासाठी वाट वाकडी करून आल्या. केस बरेच पिकलेत. आल्या त्या बोलतच आल्या. एक नवं बाळ, एक नवं यंत्र, एक नवी शंका. अम्मीनं त्यांना बळंच बाजेवर बसवलं आणि चहा टाकायला आत गेली. "सर," त्या उशीला टेकत म्हणाल्या, "बुडालेलं फुफ्फुस जेव्हा बरं व्हायला लागतं ना, तेव्हा सगळ्यात आधी काय होतं ठाव आहे का? लई गंमत आहे. सगळ्यात आधी..."

मी वाट पाहिली. मग त्यांच्याकडं बघितलं. त्यांना झोप लागली होती. इतक्या वर्षांत त्यांचं अर्धं राहिलेलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. अम्मी चहा घेऊन आली, तिनं कप खाली ठेवला, त्यांच्या अंगावर चादर घातली आणि दारात जमलेल्या पोरांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. पोरंही आज्ञाधारकपणे उंबऱ्यावर बसून राहिली. पंखा फिरत होता. चादर हळूहळू वर जात होती, खाली येत होती, आणि आम्ही सगळे ती बघत होतो.

जाग आल्यावर त्या दचकून उठल्या, घड्याळ बघितलं, गार चहा एका घोटात संपवला आणि एसटी चुकू नये म्हणून पळाल्या. त्यांचं ते वाक्य तसंच राहिलं. फोन करून विचारता येईल, अम्मी रोज तसं सांगतेही. पण मी अजून फोन केलेला नाही. मला आपलं वाटतं, त्या पुन्हा येतील, त्याच बाजेवर बसतील, आणि तिथूनच पुढं सांगायला लागतील.